खोली क्रमांक तीन

मी पाहिलेला पहिला समुद्री जीव
बैलाच्या गळ्यात होता.
सावद्याला, पोळ्याच्या दिवशी, भारंबेंच्या खळ्यात.
कवड्या मोजून झाल्यावर मी विचारलं,
ह्या कोणत्या झाडाला लागतात?
आप्पा स्टेशनावर केळीच्या वॅगनी भरून घेणारे मुकादम.
म्हणाले, दिल्लीकडून येत असतील.
त्यांच्या जगात सगळं दिल्लीला जायचं
नाहीतर दिल्लीहून यायचं.

पुढे बावीस वर्षं मी चिखल चाळला.
जहाजाच्या मागच्या डेकवर, अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून.
खाली उरायचे ते किडे: दोऱ्यासारखे, केसाळ,
बहुतेक तुटलेले.
एकाला माझं आडनाव मिळालं.
माहेरचं की सासरचं,
यावर घरी दोन दिवस अबोला.

चिखल वर आला की कुणीतरी ओरडायचं, खोली?
आणि मी वाऱ्यावर आकडा फेकायचे:
बेचाळीस. एकशे दहा. नऊशे.

मग हे पद. धुळं.
जुन्या जिनिंगचं गोदाम, सरकीचा वास
अजून पत्र्यांत मुरलेला.
पहिल्या दिवशी किल्ल्यांचा जुडगा घेऊन गुलाबराव समोर:
"मॅडम, खोली?"
आकडा ओठांवर आला होता.
"तीन नंबरची आधी उघडू का?"

तीन नंबरमध्ये बिबट्या, डाव्या डोळ्यात शाळकरी गोटी.
माळढोक, शिवण उसवलेला.
आणि भिंतभर बरण्या.

मे महिन्यात, चव्वेचाळीस अंशांत,
बरण्यांतली पातळी उतरते,
मासे पाठीकडून उघडे पडत जातात.
ही ओहोटी कुठल्याच तक्त्यात नाही.
भरती मी आणते, दर शनिवारी,
कॅनमधून, नरसाळ्याने.
स्पिरिटच्या परवान्यासाठी उत्पादन शुल्काच्या कचेरीत चार खेपा.
साहेब विचारतात, पीत नाही ना कुणी?
सगळेच पितात, मी म्हणते. दोनशे सोळा जण.
ते हसत नाहीत. आकडा लिहून घेतात.

तोरणमाळकडच्या आश्रमशाळेची सहल आली.
एक मुलगी बरणीला नाक टेकवून उभी,
काचेवर तिच्या श्वासाचं वर्तुळ.
"समुद्र कोणत्या तालुक्यात येतो?"
गुरुजींनी तिला दटावलं.
मी नकाशा उघडला, तापीवर बोट ठेवलं,
सारंगखेडा, प्रकाशा, उकाई, सुरत,
आणि बोट निळ्यात गेलं तरी
ती बोटाकडेच बघत होती,
पुढचं गाव सांगेन म्हणून.

भाद्रपदात नथ्थू भोई आला,
सारंगखेड्याहून एसटीने, मांडीवर तेलाचा डबा.
"हाई साप नई बाई, मासा शे."
वाम होती. माझ्या दंडाएवढी जाड.
दोंडाईच्यापर्यंत जित्ती होती, तो म्हणाला,
जणू चूक एसटीची.

ही समुद्रात जन्मते. काचेसारखी पारदर्शक,
बोटाएवढी असताना नदी चढून येते,
वर्षानुवर्षं राहते इथल्या दगडांखाली,
आणि म्हातारपणी परत जाते अंडी घालायला.
कुठे, ते कुणी पाहिलेलं नाही.
मीही नाही. इतका चिखल चाळूनसुद्धा.
उकाईची भिंत उभी राहण्याआधी ही वर आली असेल
तर माझ्यापेक्षा दोनेक वर्षांनी मोठी.

मी पोट उघडलं.
अंडी नव्हती. ती इथे पिकतच नाहीत,
निघाल्याशिवाय नाही.
नथ्थू वाकून बघत होता.
"कथी जाई राहिनी व्हती?"
मी हात धुतले. सगळ्यात उंच बरणी उतरवली.

लेबल जुन्याच नमुन्याचं, सवयीने छापून घेतलेलं:
नाव. स्थळ. दिनांक. संग्राहक.
संग्राहकापुढे नथ्थूचं पूर्ण नाव,
त्याने दोनदा वाचून घेतलं.
मग ती रिकामी ओळ.
खोली किती होती, मी विचारलं.

त्याने स्वतःकडे खाली पाहिलं, हात आडवा धरला.
"कंबरइतलं पानी."

कमरेइतकी, मी लिहिलं.
त्याच्या कमरेइतकी.